मीठ लावून पिळलेलं चॉकलेट

देवराव गजभिये यांचं म्हणणं इतकंच होतं की चॉकलेट ही गोड वस्तू आहे, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने खुशाल आपल्या वस्तूला दुसरं नाव द्यावं. कारल्याला कोणी गुलाबजाम म्हणून ताटात वाढत नाही. मग जळक्या, काळ्या, कडू वडीला सोनेरी कागदात गुंडाळून भल्या माणसाच्या हातात ठेवायचं, आणि तो तोंड वाकडं करतो म्हणून वर त्यालाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय? पाटबंधारे खात्यात उभी हयात नियमाने काढलेल्या माणसाला हा न्याय पटला नाही. आणि न पटलेली गोष्ट मनात ठेवणं देवरावांना जमत नसे. त्यांनी ठेवली तरी त्यांचा चेहरा ती चारचौघांत सांगून मोकळा होई.

हे चेहऱ्याचं प्रकरण आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. देवराव तोंडाने काहीही बोलत, चेहरा खरं तेच सांगे. ऑफिसात एका छळवादी साहेबाची बदली झाली तेव्हा निरोप समारंभात देवरावांनी भाषण केलं. 'पोकळी' हा शब्द तीनदा वापरला, आवाजही जड केला. पण चेहरा इतका फुललेला होता की साहेबच म्हणाले, "गजभिये, पुरे झालं, बसा आता." घरी अंजनाबाई भाजीत मीठ किती पडलं हे नवऱ्याला कधी विचारत नसत. पहिल्या घासाला त्याच्या तोंडाकडे पाहायचं, की झालं.

तर बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या दिवशी विहारात खीर वाटण्याची जबाबदारी देवरावांकडे होती, आणि वाटणाऱ्याने चाखून पाहावी या नियमाचं त्यांनी कसोशीने पालन केलं होतं. त्या खिरीत अजून भिजलेली जीभ घेऊन ते कूलरसमोर बसले होते. मे महिन्यातल्या नागपुरात कूलरसमोरून उठणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा पाहुणा तरी आलेला असतो. पाहुणा आला होता. त्यांची मुलगी प्रीती मिहानच्या उद्योगवसाहतीतल्या कंपनीत कामाला होती, ती एका पोराला सोबत घेऊन आली. चष्मा लावलेला, सडपातळ, खुर्चीच्या कडेवर बसणारा पोरगा. "हा विक्रम, माझ्यासंगं होता ऑफिसात," एवढंच ती म्हणाली आणि वडिलांच्या हातात सोनेरी कागदातली वडी ठेवली.

देवरावांनी संत्रा बर्फी खावी तशी अर्धी वडी तोडली आणि थेट दाढेखाली घेतली.

पुढचा काही वेळ त्यांना पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग ते उठले, मोरीपर्यंत गेले, चूळ भरली आणि परत येऊन कडाडले, "कोण्या गधड्यानं बनवलं हे? कढई जाळून टाकली त्यानं!"

"मीच, काका," खुर्चीच्या कडेवरचा पोरगा म्हणाला.

अंजनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या.

"जळलं नाही ते," पोरगा नम्रपणे पुढे म्हणाला. "कोकोच जास्त आहे, साखर नावालाच. पहिल्यांदा जड जाते सगळ्यांना. जीभ तयार व्हावी लागते, काका."

पोरगा चहा घेऊन, नमस्कार करून गेला. जाताना उरलेल्या वड्यांचा डबाही ठेवून गेला, म्हणजे हिंमत पाहा. तो गेल्यावर प्रीतीने दार लावलं आणि सरळ सांगून टाकलं. हाच तो. याच्याशीच लग्न करायचं आहे. विक्रम पांढरीपांडे, धरमपेठेत घर, मिहानमधली नोकरी सोडून वडिलांच्या गॅरेजात तो ही कडू वडी बनवतो, आणि येत्या रविवारी त्याचे आईवडील बोलणी करायला येऊन राहिले आहेत.

"मिहानची नोकरी सोडून?" देवरावांना आधी तेवढंच ऐकू आलं.

"बाबा, तुम्ही तोंडानं हो म्हणाल, हे मले माहीत आहे," प्रीती म्हणाली. "तोंडाचं मले नको. तुमच्या तोंडाचा काय भरवसा? चेहऱ्यानं हो म्हणा. नाहीतर मी नाही करत लग्न. तुमचं तोंड आज जसं झालं, तसं रविवारी त्याच्या आईबाबांसमोर झालं, तर ते काय समजतील? आणि मी काय समजू?"

"चॉकलेट आवडलं नाही म्हणजे पोट्टा आवडला नाही, असं कोणी म्हटलं?"

"मग काय आवडलं नाही?"

याचं उत्तर देवरावांच्या जिभेच्या टोकावर होतं. जीभ तयार व्हावी लागते! ठेचा, अंबाडी, सुकट, तर्री यांवर पोसलेली ही जीभ, तिला धरमपेठेतल्या गॅरेजमधून कोणीतरी सांगणार की तू अजून तयार नाहीस? देवरावांच्या वडिलांनी गावात जन्मभर काय काय गिळलं होतं. वरून ओतलेलं पाणी ओंजळीने प्यायले, ओटीवर कधी चढू दिलं नाही कोणी, आणि ते सगळं गिळलेलं छप्पन सालात नागपुरात येऊन, पांढरे कपडे घालून, एका दिवसात टाकून मोकळे झाले. त्या माणसाच्या मुलाला कडू कसं खावं हे आता शिकवायचं राहिलं होतं! पोराच्या मनात तसं काही नव्हतं, हे देवरावांनाही कळत होतं. पोरगा बिचारा चॉकलेटचं बोलत होता. पण लागायचं ते लागलं.

आणि वर ही प्रीती भाबडेपणाने सांगून गेली की विक्रमचे बाबा, श्रीधरराव, रोज जेवणानंतर एक तुकडा खातात. डोळे मिटून खातात.

"डोळे मिटून!" देवराव बायकोला म्हणाले. "एवढी गोडी लागली त्याले! ठीक आहे. रविवारपर्यंत मीही डोळे मिटून खाऊन दाखवीन. आपल्या पोरीची मान खाली होऊ देणार नाही."

इथून संकटांना सुरुवात झाली, कारण देवरावांनी सल्ला घेतला.

शेजारचे धोंडबाजी निवृत्त कंपाउंडर. त्यांच्या मते जगातली प्रत्येक कडू वस्तू औषध असते आणि औषधाची एक पद्धत ठरलेली असते. नाक दाबायचं, वस्तू जिभेच्या मुळाशी ठेवायची, वरून पाणी ओतायचं. देवरावांनी तसं केलं. वडी गोळी नसते. ती घशात आडवी बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हलली नाही.

"गिळलं ना शेवटी?" धोंडबाजी विजयाने म्हणाले.

"गिळायचं नाही आहे जी मले! आवडून घ्यायचं आहे!"

"औषध आवडून कोण घेते?" असं म्हणून धोंडबाजींनी देवरावांच्या प्रकृतीविषयी दोन-तीन खाजगी प्रश्न विचारले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बातमी झाली की गजभियेसाहेबांना काहीतरी झालं आहे आणि नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकल्यामुळे परदेशी कडू औषध सुरू केलं आहे. समोरच्या वच्छलाबाई शहाळं घेऊन भेटायला आल्या. खरी हकिगत कळल्यावर त्या निराश झाल्या, पण शहाळं काही परत नेता येईना, म्हणून मग सल्लाच देऊन गेल्या: वडी किसायची, दुधात घालायची, भरपूर साखर टाकायची. म्हणजे अगदी चॉकलेटसारखं लागतं. देवरावांनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्यांनी जाताना शहाळं उचललंच.

शेवटी अंजनाबाई पुढे आल्या. त्यांना एवढ्या गवगव्याचं कारणच समजत नव्हतं.

"कडूपणा काढायचा आहे ना जी? मग कारल्याचं काय करतो आपण?"

"काय करतो?"

"मीठ लावून ठेवतो, अन् मंग पिळतो."

देवराव बायकोकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं संसार केला आणि या बाईच्या बुद्धीची कदर केली नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. तांत्रिकदृष्ट्या मुद्दा बिनतोड होता. कारलं कडू, चॉकलेट कडू. कारल्याचं कडू मिठाने उतरतं. मग चॉकलेटला काय वेगळा कायदा लागू आहे? दोघांनी मिळून अर्ध्या डब्यातल्या वड्यांचे तुकडे केले, परातीत पसरले, वरून चांगलं खडं मीठ भुरभुरवलं आणि परात कारल्यासारखीच खिडकीत ठेवून दिली.

नागपूरचं मे महिन्यातलं ऊन कारल्याला ओळखतं. चॉकलेटची आणि त्याची ओळख नव्हती. दुपारी अंजनाबाई पिळायला गेल्या तेव्हा परातीत मळ्याच्या बांधावरचा चिखल होता. त्यांनी हाताने घेऊन पिळायचा प्रयत्न केला, तो बोटांच्या फटींतून निसटून कोपरापर्यंत गेला.

"थंड कर वं ते आधी!" देवराव ओरडले. "फ्रीजमध्ये नको, तिथं सुकट आहे, वास लागेल."

मग थंड कुठे करायचं? घरात सगळ्यात थंड पाणी कूलरच्या टाकीत. चिखलाचे दोन भाग केले. एक भाग ताटलीत थापून, सुकट बाहेर काढून, फ्रीजमध्ये; दुसरा भाग पिशवीत भरून, गाठ मारून, कूलरच्या टाकीत. गाठ देवरावांनी मारली होती. ती फाइलीच्या नाड्यांची गाठ होती, म्हणजे साहेबाने ओढताच सुटणारी.

कूलर ढग्गढग्ग आवाज करत सुरू होता. धोंडबाजी पांढराशुभ्र कुर्ता घालून, कुठल्याशा बारशाला निघालेले, वाटेत प्रकृतीची चौकशी करायला म्हणून आत आले आणि अर्थातच कूलरसमोर बसले. त्यांनी डोळे मिटले, "वा! वाळ्याचा वास काही वेगळाच आहे आज," म्हणाले. पंपाने टाकीतलं तपकिरी पाणी वर ओढलं, वाळ्याच्या टाट्यांवरून सोडलं आणि पंख्याने ते बारीक तुषारांत समोर फेकलं. धोंडबाजींच्या कुर्त्यावर, टकलावर, मिटलेल्या पापण्यांवर गोवर आल्यासारखे ठिपके उमटले. मग पंपाच्या तोंडात काहीतरी घट्ट बसलं, पंप घरघरला आणि बंद पडला.

मे महिना. नागपूर. कूलर बंद. इतर गावच्या वाचकांना यातलं गांभीर्य कळणार नाही. त्यांनी एवढंच समजावं की प्रीती संध्याकाळी घरात आली, बंद कूलर पाहिला, भिंतीवरचे शिंतोडे पाहिले, आणि तडक मैत्रिणीकडे झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावांनी फ्रीजमधली ताटली बाहेर काढली. तुकडे घट्ट झाले होते, पण त्यांच्यावर पांढुरका थर आला होता.

"मीठ असन," अंजनाबाई म्हणाल्या.

"मीठ खड्यानं दिसते. हे पसरलेलं आहे. ही बुरशी आहे वं!"

एका दिवसात बुरशी! देवरावांचा राग क्षणात काळजीत बदलला. ज्या पोराच्या मालाला एका दिवसात बुरशी धरते, त्याचा धंदा किती दिवस टिकणार? नोकरी तर तो सोडून बसलेला. आपली पोरगी उद्या त्याच्या घरात जाणार. हे रविवारच्या आधी कळायला पाहिजे, पण प्रीतीला विचारलं तर ती म्हणणार, बघा, नाही म्हणायला कारण शोधलं. तेव्हा कोणाला न सांगता, जाणत्या ठिकाणी, फक्त विचारून यावं. बापाचं कर्तव्यच होतं ते. त्यांनी दोन तुकडे आपल्या बडीशेपेच्या डबीत घातले, डब्यावरचा कागद घेतला, आणि अन्नपदार्थांची तपासणी करणाऱ्या सरकारी ऑफिसात जाऊन उभे राहिले.

खिडकीतल्या बाबूने कागद पाहिला, देवरावांचं नाव, मोबाइल नंबर, बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं कॉम्प्युटरमध्ये टिपलं आणि मग विचारलं, "तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. मले फक्त विचारायचं आहे, ही बुरशी आहे का?"

"विचारायचं इथं नाही होत," बाबू म्हणाला. "यात 'चौकशी' असं काही नाही. 'तक्रार' आहे."

"मग राहू द्या. खोडा माझं नाव."

"खोडता नाही येत, काका. चढलं."

"अरे, मी तक्रारच केली नाही तर चढली कशी? मी स्वतः सरकारी नोकरीत होतो. हे नियमात बसत नाही."

"तुम्हीच सांगा मग काका, चढलेली नोंद खोडता येते का?"

येत नाही. देवरावांना हे त्या बाबूपेक्षा जास्त माहीत होतं. हेच वाक्य त्यांनी खुर्चीत बसून किती शेतकऱ्यांना सुनावलं होतं, आणि ते इतकं उद्धट वाटतं हे त्यांना आज पहिल्यांदा समजलं. मोबाइल टुंग वाजला. आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.

"ठीक. आता मी तक्रार मागे घेतो."

"घ्या ना," बाबू समजुतीने म्हणाला. "पण मागे घ्यायले आधी तपास व्हावा लागते. तपासच झाला नाही तर मागं काय घेसान?"

देवराव बाहेर आले ते अंगाची लाही होत. ऑफिससमोरच्या निंबाखाली, सिमेंटच्या बाकावर बसून त्यांनी मनातल्या मनात वरिष्ठांना एक खरमरीत पत्र लिहायला घेतलं. 'महोदय, अत्यंत खेदाने कळवावे लागते की...' रागात असले की त्यांना बडीशेप लागे. डबी उघडली, चिमटीत आलं ते तोंडात टाकलं आणि पत्र पुढे चालू ठेवलं. '...एका ज्येष्ठ नागरिकास, जो स्वतः अधीक्षक पदावरून सन्मानाने...' इथे 'सन्मानाने' शब्दाखाली रेघ मारायची की नाही यावर ते बराच वेळ अडले. चावायचं त्यांना सुचलंच नाही. तोंडातली वस्तू आपल्या सवडीने विरघळत गेली, आणि पत्राचा तिसरा परिच्छेद चालू असताना त्यांना जाणवलं की जवसाची चटणी करताना घरभर सुटतो तसा खमंग वास कुठूनतरी येतो आहे. निंबाखाली जवस कोण भाजतंय, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वास त्यांच्या तोंडातच होता. आधी कडू, मग त्या कडूच्या मागून खमंग, मग कुठेतरी मिठाचा एक खडा येऊन जीभ लख्ख करून गेला, आणि सगळं संपल्यावर घशात थोडासा गोडवा राहिला, जो त्यात कोणी घातलेलाच नव्हता.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुरावा खाल्ला.

बुरशी खाल्लेला माणूस म्हणून ते संध्याकाळपर्यंत पोटाकडे लक्ष देऊन बसले. पोटाने काहीही तक्रार केली नाही. उलट, जेवण झाल्यावर त्यांना कसलीतरी चुकचुक वाटू लागली, आणि अंजनाबाई भांडी घासत असताना ते गुपचूप फ्रीजपाशी गेले. दाढेखाली घ्यायचं नाही, रागात असल्यासारखं जिभेवर नुसतं पडू द्यायचं, एवढीच सगळी मेख होती. आणि हे त्या पोराने सांगितलं नव्हतं! 'जीभ तयार व्हावी लागते' म्हणे. जीभ तयारच होती. दाढा आड येत होत्या. एवढं साधं सांगायला काय जात होतं त्याचं?

ही बातमी प्रीतीला द्यावी म्हणून ते दोन दिवस वाट पाहत राहिले. प्रीती आली ती शनिवारी, आणि दारातूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही विक्रमची तक्रार केली?"

"मी विचारलं फक्त!"

"साहेब आला होता त्याच्याकडे. अख्खं गॅरेज उलटंपालटं केलं, नमुने घेऊन गेला. कागदावर तुमचं नाव आहे. देवराव गजभिये." तिचा आवाज कापत होता. "आवडत नव्हता तर तोंडावर सांगायचं. उद्या येऊन राहिले ते लोक. फोन करून नको येऊ म्हणते, तर विक्रम ऐकत नाही. कोणत्या तोंडानं बसू मी?"

"प्रीती, ऐक तर. मले ते आवडते आता."

"खोटं बोलू नका, बाबा," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. बंद दाराला चेहरा दिसत नाही. जन्मात पहिल्यांदा ज्या वेळी चेहरा कामाला आला असता, त्या वेळी पाहायला कोणी नव्हतं, याचा देवरावांना इतका संताप आला की त्यांनी सुकटीचा डबा उगाचच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला. मग खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कोणी पाहिलं नाही हे बरंच झालं.

रविवारी पांढरीपांडे मंडळी आली. श्रीधरराव उंच, गोरेपान, कमी बोलणारे. यमुताई हसऱ्या, त्या आल्या आल्या थेट स्वयंपाकघरात अंजनाबाईंकडे गेल्या आणि पोह्यांची कढई उतरवायला हात लावला, त्यामुळे आतलं प्रकरण मार्गी लागलं. बाहेर मात्र नुकताच दुरुस्त करून घेतलेला कूलर तेवढा घरघरत होता. तक्रारीचा विषय कोण काढतो याची सगळे वाट पाहत होते.

"काका," शेवटी विक्रमच म्हणाला, "तो साहेब म्हणाला, माल चोख आहे. बुरशी नव्हती ती. वितळून परत गोठलं की वर असा पांढरा थर येतो, त्याने काही होत नाही. पण जाताना एक तुकडा खाल्ला आणि म्हणाला, साखर विसरले का भाऊ?" तो हसला, पण त्याच्या हसण्यात जीव नव्हता. "दुकानदारही तेच म्हणतात. आणि सगळ्यात आधी तुम्ही म्हणाले होते. मग मीच विचार केला, एवढ्या लोकांच्या जिभा चुकीच्या आणि माझी एकट्याची बरोबर, असं थोडंच असते? बदलून टाकलं. घ्या."

त्याने नवा डबा उघडला. फिकट तपकिरी वड्या, दूध आणि साखर भरपूर, वर संत्र्याच्या सालीचे साखरेत घोळलेले तुकडे. अगदी पहिल्या दिवशी देवरावांनी मागितलं असतं तसंच चॉकलेट. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. प्रीती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची नजर वडीवर नव्हती, वडिलांच्या चेहऱ्यावर होती.

देवरावांनी वडी जिभेवर ठेवली, वाट पाहिली. साखर आली. मग साखर आली. मग आणखी साखर आली. खमंग काही आलं नाही, मागून कोणी आलं नाही. आणि त्यांचं तोंड, सगळ्यांच्या देखत, आंबट झालं.

प्रीतीने मान खाली घातली.

"हे काय आहे?" देवराव कडाडले. "हे चॉकलेट आहे का? साखरेचा गोळा आहे हा! कोण्या गधड्यानं सांगितलं तुले बदलवायले?"

"तुम्हीच, काका," विक्रम चाचरत म्हणाला.

"मी सांगितलं? अन् तू ऐकलं? मले काय समजते गा चॉकलेटातलं? मी सरकारी माणूस! कोणी येऊन गोड कर म्हणते, अन् हा पोट्टा गोड करते! नोकरी सोडली काहून मग?" ते तावातावाने उठले, फ्रीज उघडला आणि ती ताटली आणून टेबलावर आदळली. वर पांढुरका थर, मधेमधे मिठाचे खडे. "याले म्हणतात चॉकलेट. माझ्या बायकोनं मीठ लावलं आहे त्याले. श्रीधरराव, तुम्ही खाऊन सांगा. तुम्ही तर रोज खाता, डोळे मिटून."

श्रीधररावांनी एक तुकडा उचलला. सवयीने डोळे घट्ट मिटले, तुकडा तोंडात टाकला, आणि क्षणभराने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

"अरे," ते म्हणाले, "हे तर खाता येते!"

"बाबा?" विक्रम दचकला.

"तुझी मेहनत असते, म्हणून खातो," श्रीधरराव ओशाळून म्हणाले. "पण लहानपणी एरंडेल द्यायचे ना, ते असंच घ्यायचो मी. डोळे मिटून. आज पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून खाल्लं." आणि त्यांनी दुसऱ्या तुकड्याला हात घातला.

आतून यमुताई विचारत होत्या की बाहेर एवढं काय चाललं आहे, आणि अंजनाबाई सांगत होत्या की काही नाही जी, कारल्याचं चालू आहे.

विक्रमने ताटलीतला तुकडा चाखला, परत चाखला, आणि वेड्यासारखा त्या मिठाच्या खड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने पिशवीतून एक जुनी वडी काढली. तीच ती, काळी, साखर नावालाच, मीठही नाही. ती नुसती पुढे केली.

देवरावांनी तुकडा तोडला. लहान तोडला. जिभेवर ठेवला आणि दाढांना सक्त ताकीद दिली. बराच वेळ गेला.

"कडू आहे," देवराव म्हणाले. "एकदम कडू. अजून एक दे."

"म्हणजे काका," विक्रमचा आवाज अडखळला, "हो समजू?"

"हो कोणी म्हटलं?" देवराव उसळले. "मी चॉकलेटाचं बोलून राहिलो! लग्नाचं मी एक अक्षर तरी काढलं का? उगाच माझ्या तोंडात शब्द घालू नका. अन् तू काहून रडून राहिली वं तिथं दारात?"

प्रीती रडत नव्हती, म्हणजे रडत होती, पण हसतही होती, आणि वडिलांचं बोलणं तिला ऐकूच येत नव्हतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.